वाघाचा पक्ष आणि कुत्र्यांचा पक्ष

लहानांच्या भांडणात मोठ्या माणसाला पंच नेमले म्हणजे त्याची अवस्था मोठी चमत्कारिक होते. दोन्ही पक्षांना न्याय नको असतो, निकाल हवा असतो. आणि तोही आपल्या बाजूने. गेल्या दिवाळीच्या सुटीत असा एक खटला आमच्या ओसरीवर माझ्यापुढे आला. माझा पुतण्या कायद्याचा अभ्यास करतो आणि त्याची धाकटी बहीण अजून शाळेत आहे. दोघेही नुकतीच नागझिऱ्याचे अरण्य पाहून परतली होती. तेथील तीन दिवसांच्या मुक्कामात वाघाचे दर्शन काही त्यांना घडले नव्हते. परंतु एका सकाळी तांबूस अंगाच्या आणि काळ्या झुपकेदार शेपटीच्या दहा-बारा रानकुत्र्यांचा जथा तळ्याच्या काठाने धावत जाताना त्यांनी पाहिला होता. एवढ्या साहित्यावर वाद उभा राहिला होता.

“काका, तुम्हीच सांगा,” पुतणी म्हणाली, “वाघ एकीकडे आणि ही सगळी कुत्री दुसरीकडे. जिंकेल कोण?”

“काकांना कशाला विचारतेस?” पुतण्या म्हणाला. “वाघ तो वाघ. कुत्री दहा असली काय आणि वीस असली काय, ती कुत्रीच.”

“एकाला मारील, दोघांना मारील. मग पुढे?”

“पुढे बाकीची पळून जातील. जथ्याने येणारे भित्रेच असतात.”

या शेवटच्या वाक्यापाशी मी जरा थबकलो. तोपर्यंत प्रश्न प्राणिशास्त्राचा होता. त्या एका वाक्याने तो नीतिशास्त्राचा झाला. “उद्या सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो उद्या लांबत गेला, आणि मुले आपापल्या गावी निघून गेल्यावरही प्रश्न माझ्यापाशीच राहिला. त्याचे कारण मला ठाऊक आहे आणि ते मी शेवटी सांगणार आहे. तत्पूर्वी वस्तुस्थितीचा विचार करणे प्राप्त आहे. कारण ज्या नीतिविचाराला वस्तुस्थितीचा पाया नसतो तो बहुधा आपल्या आवडीनिवडींनाच तत्त्वांची नावे देत असतो.

विदर्भात आणि सह्याद्रीत कोळसून, कोळसुंदा या नावांनी ओळखला जाणारा आपला रानकुत्रा वजनाने फार तर बारा ते वीस किलो भरतो. बिबळ्याची मादी तीस-चाळीस किलोंची, नर पन्नास ते सत्तर किलोंचा. आणि आपल्या मध्य भारतातील पुरा वाढलेला वाघ दोनशे किलोंच्या आसपास. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात एक वाघ घातला तर दुसऱ्या पारड्यात डझनभर रानकुत्रे घालावे लागतील. एवढ्यावरच भागत नाही. मार्जारकुळातील प्राण्याला निसर्गाने पाच शस्त्रे दिली आहेत: चार पंजे आणि एक जबडा. त्याची नखे म्यानातील तलवारीप्रमाणे आत ओढलेली असतात, त्यामुळे चालताना ती झिजत नाहीत आणि हवी तेव्हा धारदार निघतात. त्याचे पुढचे पाय आतल्या बाजूस वळू शकतात; म्हणून तो भक्ष्याला अक्षरशः कवटाळतो आणि मग सावकाश गळा धरतो. कुत्र्याच्या जातीला हे काही लाभलेले नाही. त्याची नखे बोथट, पाय केवळ धावण्यासाठी घडलेले. जे काही करावयाचे ते तोंडाने. दातांच्या संख्येत मात्र तो वरचढ आहे. मांजराच्या कुळाला सामान्यतः तीस दात, तर कुत्र्याच्या कुळाला बेचाळीस. आपल्या रानकुत्र्याची खालच्या जबड्यातील शेवटची दाढ दोन्ही बाजूंनी नाहीशी झाल्यामुळे त्याला चाळीस. पण दात मोजून लढाया जिंकल्या जात नाहीत.

येणेप्रमाणे एकास एक असा सामना लावला तर निकालासाठी पंचाची गरजच पडू नये. एकटा सापडलेला रानकुत्रा वाघाने अथवा बिबळ्याने सहज मारल्याची उदाहरणे नमूद आहेत. गावकुत्र्याची गोष्ट तर याहून सोपी. अहमदनगर जिल्ह्यातील (या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) अकोले तालुक्यात उसाच्या शेतांतून राहणाऱ्या बिबळ्यांच्या आहाराचा अभ्यास करण्यात आला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा गावातील कुत्र्यांचाच असल्याचे आढळून आले. अंगणात एकटा झोपलेला कुत्रा हा बिबळ्याच्या दृष्टीने शत्रू नव्हे, शिधा होय.

परंतु हाच बिबळ्या अरण्यात रानकुत्र्यांचा जथा येताना पाहून जवळचे झाड गाठतो. बिबळ्या फांदीवर आणि खाली शीळ घातल्यासारखा आवाज करीत फिरणारे दहा-बारा रानकुत्रे, हे दृश्य अनेकांनी पाहिले आहे व त्याची छायाचित्रेही निघाली आहेत. सत्तर किलोंचा, पाच शस्त्रांचा धनी पंधरा किलोंच्या निःशस्त्रप्राय प्राण्यांपुढे झाड का चढतो? एकाला पंजाखाली घेताना उरलेल्या नऊ जणांकडे त्याची पाठ होते म्हणून. त्याच्या शस्त्रांचा सारा प्रकार एका वेळी एकालाच धरण्याचा आहे. शिवाय मार्जारकुळाचे बळ म्हणजे क्षणाचे बळ. दबा धरावा, दोन-चार उड्यांत अंतर तोडावे आणि संपवावे, ही त्याची रीत. दमाची लढाई त्याला मानवत नाही. रानकुत्र्याचे बळ याच्या अगदी उलट, टिकाऊ आहे. तो दमत नाही. निदान समोरचा दमण्याच्या आधी दमत नाही. सांबराला तो मारतो तो झडपेने नव्हे, पाठलागाने.

वाघाची गोष्ट निराळी. सामान्यतः रानकुत्रे वाघाच्या वाटेस जात नाहीत, आणि वाघही त्यांच्या नादी लागत नाही. तथापि जथ्याने वाघाला घेरल्याच्या, त्याच्या शिकारीवरून त्याला हुसकल्याच्या आणि क्वचित त्याला ठार केल्याच्या हकिकती जुन्या शिकाऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. दक्षिणेतील अरण्यांत हिंडलेल्या केनेथ अँडरसन यांच्या १९५४ सालच्या पुस्तकात वाघीण व रानकुत्रे यांच्या अशा एका झुंजीचे वर्णन आहे. या सर्व हकिकतींत एक गोष्ट समान दिसते: जय कोणाचाही होवो, कुत्र्यांपैकी काही त्यात मेलेले असतात. वाघाच्या पंजाच्या टप्प्यात जो पहिला जातो तो बहुधा परत येत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; तिचे काम मला पुढे पडणार आहे.

आमच्याकडील वनवासी लोकांनी या विषमतेचा उलगडा आपल्या परीने केला आहे. रानकुत्रे झुडपांवर मुततात, ओल्या शेपट्यांचा शिडकावा वाघाच्या डोळ्यांत करतात आणि तो आंधळा झाला की त्याच्यावर तुटून पडतात, अशी समजूत मध्य भारतात दूरवर पसरलेली आहे. शास्त्राला ती मान्य नाही. पण तिच्या पोटी असलेली अडचण मोठी बोलकी आहे. एवढ्याशा प्राण्याने एवढ्या मोठ्या प्राण्याला जिंकले हे मनाला पटत नाही. तेव्हा काहीतरी कपट असलेच पाहिजे! संघशक्ती ही स्वतःच एक शक्ती आहे, हे मानण्यापेक्षा विषारी मूत्र मानणे माणसाला सोपे गेले.

आता आफ्रिकेकडे पाहिले म्हणजे या विचाराचा पुरावा उलट बाजूने मिळतो. तेथील ठिपकेदार रानकुत्राही जथ्यानेच राहतो आणि शिकारीत तो आपल्या रानकुत्र्याहून उणा नाही. तरीही सिंहापुढे त्याचा निभाव लागत नाही. सिंहांची दाटी जेथे अधिक, तेथे रानकुत्रे विरळ. आणि त्यांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत सिंहांचा हल्ला हे एक कारण आहे. याचे कारण उघड आहे. मार्जारकुळात सिंह हा एकच असा निघाला की ज्याने कळप करून राहण्याची विद्या पूर्णपणे आत्मसात केली. पंजा आणि संघ ही दोन्ही एका बाजूस गेली, म्हणजे दुसऱ्या बाजूस पळण्यावाचून काही उरत नाही. तेव्हा ‘मांजर श्रेष्ठ की कुत्रा’ असा प्रश्न नसून ‘एकटा श्रेष्ठ की अनेक’ असाच तो प्रश्न आहे, आणि कुत्र्याच्या बाजूचे सारे बळ ‘अनेक’ या एका शब्दात आहे.

या दोन कुळांचे वैर, त्याला वैर म्हणावयाचे असेल तर, फार जुने आहे. कुत्र्याचे कुळ मूळचे उत्तर अमेरिकेतील. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तेथे जुन्या जगातून मार्जारकुळाचा प्रवेश झाला, आणि त्यानंतर कुत्र्याच्या कुळातील जातींना ओहोटी लागली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, जीवाश्मांवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, हवामानातील बदलांपेक्षाही मार्जारकुळाशी झालेली स्पर्धाच या ऱ्हासाला अधिक कारण झाली. परंतु ही स्पर्धा म्हणजे कोणी कोणाचा गळा धरला अशी नव्हे. ती अन्नाची स्पर्धा होती. नखे आत ओढून दबा धरणाऱ्याने तेच हरीण आधी आणि कमी श्रमात मारले, एवढाच तिचा अर्थ. ज्या लढाईत कुळेच्या कुळे नाहीशी झाली, त्या लढाईत कदाचित एकही झुंज झाली नसेल.

आणि वस्तुतः अरण्यातील रीत ही अशीच आहे. आखाड्यात उतरून बलाबल पाहण्याची हौस आपल्याला आहे. ती श्वापदांना नाही. बडोद्याच्या साठमारीत हत्ती झुंजविले जात ते हत्तींची तशी इच्छा होती म्हणून नव्हे. प्रेक्षकांची होती म्हणून. वाघ झुंज टाळतो याचे कारण भित्रेपणा नव्हे, हिशेब होय. कान्ह्याच्या अरण्यात राहून वाघाचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या व त्यांच्या मागून आलेल्या अभ्यासकांच्या निरीक्षणांवरून असे दिसते की, वाघाच्या दहा-वीस प्रयत्नांपैकी एखादाच सफल होतो. ज्याचे पोट अशा एकेका प्रयत्नावर अवलंबून आहे, त्याचा एक पंजा दुखावला किंवा एक सुळा मोडला तर त्याला भरविणारा कोणी नाही. एकट्याचे स्वातंत्र्य त्याला या किमतीला मिळालेले असते. उलट कर्नाटकातील नागरहोळे येथे वाघ, बिबळ्या आणि रानकुत्रा हे तिघेही एकाच रानात सुखाने नांदत असल्याचे उल्हास कारंत व मेल्विन सनक्विस्ट यांनी १९९५ साली दाखवून दिले. वाघाचे भक्ष्य सरासरीने नव्वद किलोंच्या आसपास, इतर दोघांचे चाळिसाच्या आसपास. एकाने गवा-सांबराकडे पाहावे, दुसऱ्यांनी चितळाकडे. ज्यांच्या झुंजीचा निकाल लावण्यास आपण एवढे उतावीळ झालो आहोत, ते बहुतेक दिवस एकमेकांची वाट सोडून चालत असतात.

वस्तुस्थिती इतकी. आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो: जथ्याने येणारे भित्रेच असतात.

माझ्या पुतण्याने हे वाक्य स्वतःच्या बुद्धीने रचले नव्हते. ते त्याला भाषेने दिले होते. आपल्या भाषेत शूर माणसाला वाघाची छाती असते आणि वाईट मरण कुत्र्याचे असते. वाघ समोरून येतो, कुत्रे मागून येतात, अशी आपली समजूत. खरे पाहता वाघ कधीच समोरून येत नाही. तो गवतात दबून, वाऱ्याची दिशा साधून, पाठीमागून अथवा बाजूने येतो आणि आव्हान तर कधीच देत नाही. ज्या वर्तनाला आपण कुत्र्याच्या बाबतीत कपट म्हणू, त्याला वाघाच्या बाबतीत डौल म्हणतो.

या पक्षपाताची परिसीमा इंग्रजी अमदानीतील शिकाऱ्यांनी गाठली. रानकुत्रा त्यांना मनापासून तिटकाऱ्याचा वाटे. तो हरणांच्या मागे जथ्याने लागतो, धावता धावताच लचके तोडतो, भक्ष्य मेले नाही तोच खाऊ लागतो; सारांश, तो सभ्य शिकारी नाही. त्याच्या डोक्यावर सरकारी बक्षीस लावण्यात आले. गोळी, विष, सापळा यांपैकी कशाचाही विधिनिषेध राहिला नाही. वाघालाही बक्षिसे होती हे खरे. पण वाघ मारणे हा मान होता, रानकुत्रा मारणे ही केवळ साफसफाई होती. आणि हे म्हणणारे लोक वाघ मारीत कसे? शेदोनशे हाकारे रानात सोडून, ढोल बडवून, त्याला एका अरुंद वाटेने हाकलीत आणावयाचे आणि मचाणावर बंदूक घेऊन बसावयाचे. दोनशे माणसांनी एका वाघाला घेरणे हा खेळ. दहा कुत्र्यांनी घेरणे हा अधमपणा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकुत्र्याला अखेर आसरा दिला. पण मनाचा कायदा बदलण्यास अधिक वेळ लागतो. २०२२ च्या गणनेवरून भारतातील वाघांचा अंदाज ३६८२ असा एका आकड्यापर्यंत आपण बांधला. जगातील प्रौढ, प्रजननक्षम रानकुत्र्यांची संख्या तज्ज्ञांनी २०१५ साली साडेनऊशे ते बावीसशे यांच्या दरम्यान कोठेतरी असावी असे सांगितले. म्हणजे ते वाघाहूनही दुर्मिळ आहेत. ही दुसरी संख्या ठाऊक असलेला सुशिक्षित मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

किपलिंगची १८९५ च्या ‘दुसऱ्या जंगल बुका’तील ‘तांबडा कुत्रा’ ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. तीत दख्खनमधून, म्हणजे आपल्याच मुलखातून, रानकुत्र्यांची धाड येते आणि मोगली व त्याचे लांडगे तिचा नाश करतात. गोष्ट रंगतदार आहे यात शंका नाही. पण लांडगे तरी काय एकेकटे लढत होते? तेही कळपानेच लढले. मात्र लांडग्यांचा कळप म्हणजे शिस्तबद्ध प्रजा आणि रानकुत्र्यांचा कळप म्हणजे लुटारूंची झुंड, असे वाचकाला वाटत राहते. आपला कळप असला की ती सेना होते आणि दुसऱ्याचा असला की टोळी होते, हे किपलिंगचेच वैशिष्ट्य आहे असे कोणी म्हणू नये.

यावर कोणी विचारील की, मग अनेकांनी एकाला घेरणे यात दोष नाहीच काय? अभिमन्यूला सहा महारथ्यांनी घेरले त्याचे काय? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. अभिमन्यूच्या वधात पाप आहे ते सहा या संख्येत नाही. युद्धारंभी दोन्ही पक्षांनी मिळून काही नियम मान्य केले होते. ते त्या सहा जणांनी मोडले यात ते पाप आहे. ज्यांनी कोणाला वचन दिले नाही त्यांच्यावर वचनभंगाचा आरोप ठेवता येत नाही, म्हणून रानकुत्रा या खटल्यातून सुटतो. माणूस सुटत नाही. कारण माणसामाणसांत न लिहिलेले पुष्कळ करार असतात.

महाभारतातच, शांतिपर्वात, भीष्माने धर्मराजाला सांगितलेली एक कथा याहून आपल्या विषयाला जवळची आहे. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा राहत असे. बिबळ्या त्याला खावयास आला तेव्हा ऋषीने दयेने त्याला बिबळ्या केले. मग वाघ आला, तेव्हा वाघ केले. पुढे हत्ती, सिंह आणि अखेर शरभ. शरभ झाल्यावर त्याने ऋषीलाच खाण्याचा बेत केला, आणि ऋषीने त्याला पुन्हा कुत्रा करून आश्रमाबाहेर घालविले. भीष्माने या कथेतून सेवकांच्या नेमणुकीविषयीचा राजनीतीचा धडा काढला आहे. मला मात्र तीत दुसरेच काही दिसते. तो कुत्रा होता तोपर्यंत त्याला ऋषीची गरज होती आणि म्हणून ऋषीविषयी माया होती. प्रत्येक रूपांतराबरोबर त्याचे सामर्थ्य वाढत गेले आणि गरज कमी होत गेली. गरज संपली तेव्हा मायाही संपली. एकट्याच्या बळात हा धोका नेहमीचाच आहे. आणि कळपाच्या बळातील धोका कोणता? तो सांगण्यासाठी मला कथेकडे जावे लागत नाही. माझी स्वतःची आठवण पुरेशी आहे.

तीस वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात नवखा अध्यापक होतो. आमचे विभागप्रमुख विद्वान होते, इतके की त्यांच्यापुढे आम्ही सारे मिळूनही उणेच पडलो असतो. पण त्यांची जीभ तिखट होती. विद्यार्थ्यांदेखत ते सहकाऱ्यांचा पाणउतारा करीत. आमच्यात एक तात्पुरत्या नेमणुकीवरचा, सर्वांत धाकटा अध्यापक होता. त्याला एकदा त्यांनी भर वर्गात असे काही ऐकविले की तो बाहेर येऊन रडला. त्या संध्याकाळी आम्ही अकरा जण एकत्र जमलो आणि नियामक मंडळाकडे अर्ज करण्याचे ठरले. इंग्रजी बरे म्हणून मसुदा माझ्याकडे आला. तक्रारी बहुतांशी खऱ्या होत्या. दोन कलमे मात्र वाढवून लिहिलेली होती, हे इतरांना कदाचित ठाऊक नसेल. मला होते, कारण ती मीच लिहिली होती. सह्या करताना कोणीतरी युक्ती सुचविली की, त्या एकाखाली एक न करता वर्तुळाकार कराव्या, म्हणजे पहिला कोण आणि पुढारी कोण हे कळू नये. युक्ती सर्वांना पसंत पडली. आमच्या अकरा सह्या त्या कागदावर फुलाच्या पाकळ्यांसारख्या शोभून दिसत होत्या.

विभागप्रमुखांनी राजीनामा दिला. आम्ही त्याला एकीचा विजय म्हटले आणि त्या रात्री चहापाणीही केले. त्यांचे वरच्या वर्गांचे तास, त्यांची खोली आणि पुढे त्यांची जागा आमच्यातील ज्येष्ठांत ज्येष्ठतेच्या क्रमाने वाटली गेली. मलाही एक चांगला वर्ग मिळाला. वर्षाअखेर त्या तात्पुरत्या अध्यापकाची नेमणूक संपली. ती पुढे चालू ठेवावी असा अर्ज करण्याचे आम्हा दहा जणांपैकी एकालाही सुचले नाही. तो कोठे गेला हे मला आजतागायत माहीत नाही.

रानकुत्र्यांविषयी वाचू लागलो तेव्हा दोन गोष्टींपाशी माझे वाचन अडले. पहिली वर सांगितलीच आहे: जथा वाघावर जातो तेव्हा कोणीतरी पहिला असतो आणि पंजाचा तडाखा त्यालाच बसतो. त्यांना वर्तुळाकार सह्यांची सोय नाही. दुसरी गोष्ट अशी. भक्ष्य पडल्यावर जथ्यातील मोठे बाजूस राहून पिल्लांना आधी खाऊ देतात. बिळापाशी राहिलेल्या मातेसाठी व लहानग्यांसाठी पोटातले अन्न परत जाऊन ओकून देतात. आफ्रिकेतील रानकुत्रे तर आजारी व जखमी सोबत्यालाही असे भरवितात. आमच्या विजयाचा वाटा मात्र वरून खाली येत गेला आणि खाली पोहोचण्यापूर्वीच संपला.

यावरून आमचे विभागप्रमुख निर्दोष होते असे मी म्हणत नाही. एकटेपणा हा काही सद्गुण नव्हे. बलवंताचा एकटेपणा पुष्कळदा त्याच्या उद्दामपणाचेच फळ असते. अनेक दुर्बळांनी एकत्र येऊन त्याला आवरावे यात मला आजही काही गैर वाटत नाही. तसे न करण्याला मी भित्रेपणा म्हणेन. म्हणून माझ्या पुतण्याचे वाक्य मला मान्य होण्यासारखे नाही. पण त्याच्या बहिणीच्या बाजूनेही मी बिनशर्त निकाल देऊ शकत नाही. कळपाचे बळ नीतीला धरून आहे की नाही हे त्याच्या संख्येवरून ठरत नाही. तडाखा खाण्यास कोण पुढे होता आणि खाण्यास कोणाला पुढे केले, हे पाहावे लागते. या दोन्ही कसोट्यांना रानकुत्रा उतरतो. आम्ही अकरा जण उतरलो नाही.

जेजुरीच्या खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवितो आणि देवापुढे कुत्र्याप्रमाणे भुंकतो, कोटंब्यातली भिक्षा कुत्र्याप्रमाणे खातो. नावाने वाघ आणि वर्तनाने देवाचा कुत्रा, ही जोडी मला लहानपणी हास्यास्पद वाटे. आता वाटत नाही. वाघाचे काळीज आणि कुत्र्याचा संघधर्म ही दोन्ही एका ठिकाणी असावीत अशी इच्छा त्या जुन्या लोकांच्या मनात कोठेतरी असेल काय, असे कधी कधी मनात येते. ही माझी कल्पना आहे. तिला पुरावा मागू नये.

मुलांना मी नंतर पत्र लिहिले आणि त्यात प्राणिशास्त्राचा भाग तेवढा कळविला. पुतण्याने उलट लिहिले, “म्हणजे काका, तुम्ही निकाल राखून ठेवलात.” पुतणीने मात्र एकच ओळ लिहिली होती: “पण तुम्ही स्वतः कोणाच्या बाजूला?” तिला मी अजून उत्तर पाठविलेले नाही. ते असे आहे की, तो कागद आज पुन्हा माझ्यापुढे आला तर सही मी करीनच. परंतु ती दोन कलमे आधी खोडीन, आणि सही सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत करीन.